विसरभोळा पेन ड्राइव्ह

"कुकरची रिंग सैल झालीय," असं बायको स्वयंपाकघरातून म्हणाली आणि मी हॉलमधून "आणतो" म्हणालो. बस, एवढंच बोलणं. संध्याकाळी मोबाइल उघडला तर रिंगांची रांगच लागलेली. तीन लिटरची, पाच लिटरची, आतल्या झाकणाची, बाहेरच्या झाकणाची.

"मोबाइल आपलं बोलणं ऐकतो," मी भाच्याला म्हणालो.

"ऐकायची गरजच नाही रे मामा. मामीने दुपारी सर्च केलं असेल. दोघांचं वायफाय एकच ना?"

म्हणजे फितुरी घरातूनच. तरीही मी हट्टाला पेटलो, आणि भाच्याने मला एक निळा पेन ड्राइव्ह आणून दिला. त्यात टेल्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम. लॅपटॉप त्यावरूनच सुरू करायचा. हार्ड डिस्कला हात न लावता सगळं रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, चालतं आणि बंद केलं की आपण काय काय केलं ते पार पुसलं जातं. "स्नोडेनने २०१३ मध्ये हेच वापरलं होतं," तो म्हणाला. स्नोडेनकडे अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेची गुपितं होती. माझ्याकडे कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट होता. पण शेवटी ज्याचं त्याला मोठं.

दुसऱ्याच दिवशी पार्किंगबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरीला दोन पानी खरमरीत पत्र लिहायला बसलो. शेवटच्या परिच्छेदात 'सबब' लिहिलं आणि स्क्रीन काळी ठिक्कर! "अहो, हा निळा घेतला हं," मागून आवाज आला. "वन्संना बारशाचे फोटो द्यायचेत." पेन ड्राइव्ह उपटला की यंत्र तत्क्षणी बंद पडतं, ही म्हणे त्याची खासियत. धाड पडली तर बरं असतं. आमच्याकडे धाड घालणारी घरातच राहते, याचा विचार कोणी केलेला नाही.

मजकूर टिकवायचा तर पर्सिस्टंट स्टोरेज चालू करायचं आणि त्याला चांगला लांबलचक पासफ्रेज द्यायचा, असं भाच्याने फोनवर सांगितलं. मी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले सहा शब्द निवडले: अडकित्ता, मुंज, फणस, तलाठी, उचकी, गोधडी. चहा होईपर्यंत पुटपुटत पाठ केले. संध्याकाळी पाहतो तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, सहाही शब्द सुवाच्य अक्षरात. "विसराल म्हणून लिहून ठेवले. आणि हो, मुंज कोणाची?"

तरी इथवर सगळं घरातल्या घरात होतं. मग मी बँकेत लॉगिन केलं.

टेल्सवरून आपण इंटरनेटवर जातो ते टॉर नावाच्या जाळ्यातून, म्हणजे वाटेत तीन कॉम्प्युटरांवर मुक्काम करत. पहिल्याला आपण कोण ते कळतं, कुठे निघालो ते नाही. तिसऱ्याला कुठे ते कळतं, कोण ते नाही. मधल्याला दोन्ही कळत नाही, तरी सगळं त्याच्याच हातून जातं. थोडक्यात, आमचे सेक्रेटरी. त्या दिवशी माझा तिसरा मुक्काम जर्मनीत पडला. बँकेने खातं गोठवलं.

"सर, सकाळी साडेदहाला तुम्ही जर्मनीत होतात," काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या.

"मी घरी होतो. मटकी निवडत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मटकीचा पुरावा आणायला हवा होता असं वाटलं. "आधार द्या."

इथे मी छाती फुगवली. मुद्दाम मास्क्ड आधार काढून नेलं होतं. त्यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. मॅडमनी कागद उजेडात धरला, उलटा केला, शेजारच्या साहेबांना दाखवला. साहेब म्हणाले, "प्रिंटर खराब आहे यांचा." मी गोपनीयतेवर बोलायला तोंड उघडलं, पण मागच्या आजोबांना पासबुक भरायचं होतं आणि ते काठी आपटायला लागले.

"पूर्ण नंबरवालं आणा. दोन झेरॉक्स, सही करून. पॅनच्यापण."

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. भिंतीवर पाटी: 'आधार, पॅन, लाइट बिल या नंबरवर व्हॉट्सॲप करा.' मी मोबाइल हातात घेऊन घुटमळलो. पाठवावं की घरी जाऊन मूळ कार्ड आणावं?

"काका, पाठवताय कशाला?" तो माउस फिरवत म्हणाला. "मागच्या वर्षी गॅसच्या केवायसीला आला होतात ना? आहे की माझ्याकडे." स्क्रीनवर अख्खी गल्ली उघडली. जोशी काकू, इस्त्रीवाला, सेक्रेटरी, सगळे पासपोर्ट फोटोतल्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत होते. दोन सेकंदांत मी सापडलो, बाराच्या बारा आकड्यांसकट.

"काकूंचंपण आहे. पॅनपण आहे तुमचं. काढू?"

"काढ," मी म्हणालो.

"दोन-दोन ना?"