सिकंदरबागेची हाडं आणि माझी चुकलेली तारीख

सुभेदारसाहेब, नमस्कार.

लखनौच्या सिकंदरबागेच्या मी टाकलेल्या फोटोखाली तुम्ही लिहिलंत, "शिपायांची हाडं लाइकसाठी मांडू नका. शिवाय हा फोटो मुळात रचलेला आहे, तेवढं तरी तपासायचं होतं." खाली सही नुसती 'एक निवृत्त सुभेदार'. चार दिवस उत्तर दिलं नाही. आधी राग आला, आणि तो ओसरल्यावर कळलं की निम्मं तरी तुमचं बरोबर आहे.

चूक आधी सांगतो. फोटोखाली मी १६ नोव्हेंबर १८५७ अशी तारीख टाकली होती. ती लढाईची तारीख. त्या दिवशी सेनापती कॉलिन कॅम्पबेलची इंग्रज फौज भिंतीला भगदाड पाडून बागेत शिरली आणि सुमारे २,००० शिपाई आत मारले गेले. फोटो काढणारा फेलिचे बिआतो तेव्हा हिंदुस्थानात आलेलाही नव्हता. तो लखनौला पोचला १८५८च्या मार्चमध्ये, म्हणजे चार महिन्यांनी. तोवर प्रेतांचा तो ढीग झाकून टाकलेला होता, पण फोटोसाठी तो उघडा करायचा हट्ट बिआतोने धरला, असं जॉर्ज कॅम्पबेल या मुलकी अधिकाऱ्याने आठवणींत लिहून ठेवलंय. (हा कॅम्पबेल वेगळा. त्या काळात लखनौकडे बघावं तिकडे कॅम्पबेल.)

तेव्हा रचलेला, हे कबूल. पण म्हणून फेकून द्यावा, इथे आपलं जमत नाही.

त्या वेळी फोटोची रूढ पद्धत म्हणजे काचेवर कलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, काच चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. दहा-पंधरा मिनिटांत ती अंधाऱ्या तंबूत धुऊन झाली पाहिजे, वाळली की कामातून गेली. वर पुन्हा काही सेकंद कुणी हलायचं नाही. पळणारा माणूस नुसता डाग होऊन उरतो. १८५७च्या ऐन धुमश्चक्रीचा फोटो म्हणून कुणी काही पाठवलं, तर तिथेच हात जोडावेत. लढाई संपल्यावर जे हलत नाही तेच या कॅमेऱ्याला मिळायचं. पडक्या भिंती, तोफा आणि मेलेली माणसं.

आता फोटो मोठा करून बघा. मागे खांबांची इमारत, गिलावा उडालेला. पुढच्या अंगणात जे पांढरं विखुरलंय ते मी पहिल्यांदा पडका चुनाच समजलो होतो. मग एक कवटी दिसली आणि मग सगळीकडे कवट्याच दिसायला लागल्या. इमारतीपाशी काही देशी माणसं आणि एक घोडा. माणसं स्पष्ट उमटलीत, म्हणजे तितके सेकंद ती स्तब्ध होती. तुम्ही पलटणीत होतात, 'हलू नका' कसं म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको. इंग्रजांनी आपले मेलेले पुरले आणि या शिपायांचे फोटोसाठी पुन्हा उघडे केले. मला हा फोटो दाखवायचा होता तो एवढ्यासाठी, आणि नेमकं हेच मी लिहिलं नव्हतं.

लाइकचं म्हणाल तर त्या दिवशी नेहमीच्या तिप्पट वाचक आले आणि मला ते आवडलं. आरोप पूर्ण झटकता येत नाही. आता वर मजकूर आहे, हाडं बघायची की नाही हे वाचकाने ठरवून क्लिक करायचं. ॲपने रंगवलेली प्रत काढून टाकली. त्या काचेला निळा रंग जवळजवळ पांढरा दिसायचा आणि लाल काळा. ॲपने एकाला दिलेला निळा अंगरखा ही निव्वळ थाप होती.

तुमच्या कॉमेंटखाली एकाने तोफेच्या तोंडी बांधलेल्या शिपायांचं चित्र 'अस्सल फोटो' म्हणून टाकलंय. ते वेरेश्चागिन या रशियन चित्रकाराचं, १८८४च्या सुमाराचं. शिक्षा खरी होती, पण सोजिरांचे गणवेश बघा, ते १८५७चे नाहीत. चित्रकाराने आपल्या काळातले चढवलेत.

आणखी एक. बिआतो लखनौला पोचला त्याच मार्चमध्ये ह्यू रोझने झाशीला वेढा घातला होता. आत वरसईचे गोडसे भटजी होते. तोफा, लूट, कत्तल, सगळं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. लखनौचा फोटो बघताना मी आता त्यांची पानं शेजारी ठेवतो. एरवी नुसता जिंकणाऱ्याचाच डोळा उरतो.

बदललेली ओळ अशी आहे: "सिकंदरबाग, लखनौ. लढाई नोव्हेंबर १८५७, फोटो १८५८, बिआतो. अवशेष फोटोसाठी उघडे केलेले." कमी-जास्त वाटलं तर कळवा.

तुमच्याकडे आजोबांच्या पलटणीचा मेसोपोटेमियातला ग्रुप फोटो आहे, असं तुम्ही शेवटी लिहिलंत. द्यायचा असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली नावं, खाडाखोड, काहीही पुसू नका. आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर ओढून काढू नका, तसाच राहू द्या.