ओपन ॲक्सेस म्हणजे "पैसे टाका, पेपर छापा"? जरा थांबा

सध्या एक मेसेज फिरतोय, मला आत्तापर्यंत चार जणांनी पाठवला, त्यातले दोघं स्वतः पीएचडी करतायत म्हणून जास्त वैताग आला. मेसेजमध्ये काय, तर ओपन ॲक्सेस जर्नल (ज्यातले संशोधनाचे पेपर कुणालाही फुकट वाचता येतात) म्हणजे पैसे टाका पेपर छापा, पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या दुसऱ्या संशोधकांकडून होणारी छाननी, नुसता नावाला, हे २०१३ सालीच सायन्स या साप्ताहिकाने सिद्ध केलंय, खरी छाननी फक्त वर्गणी भरून वाचायच्या सबस्क्रिप्शन जर्नलमध्ये होते, आणि म्हणून सीव्हीत ओपन ॲक्सेस पेपर दिसला की तो मोजूच नका. चला, एकेक घेऊ.

"सायन्सने सिद्ध केलंय."

काय सिद्ध केलंय ते वाचलंय का कुणी? जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने एक बनावट पेपर बनवला, लायकेनमधल्या एका रेणूने कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबते असा, आणि त्यात मुद्दाम ढोबळ चुका पेरल्या. म्हणजे लिहिलंय की डोस वाढवला की परिणाम वाढतो, आणि ग्राफमध्ये डोस काहीही असो, परिणाम तेवढाच. ज्याला ग्राफ वाचता येतो त्याला पाच मिनिटांत कळावं असं. हा पेपर ३०४ जर्नल्सकडे गेला, १५७ नी स्वीकारला, ९८ नी नाकारला. लाजिरवाणंच आहे, मी नाही म्हणतच नाही.

पण ती ३०४ च्या ३०४ ओपन ॲक्सेस होती! एकाही सबस्क्रिप्शन जर्नलला तो पेपर पाठवलाच नाही, मग "हे वाईट, ते चांगलं" ही तुलना आली कुठून? कंट्रोल ग्रुप नसलेला प्रयोग दाखवून पीअर रिव्ह्यूच्या गप्पा मारायच्या, कमाल आहे. शिवाय बोहॅननच्या सायन्समधल्या लेखातच आहे की प्लॉस वन या ओपन ॲक्सेस जर्नलने तो पेपर नाकारला, आणि स्वीकारणाऱ्यांत एल्सेव्हियर आणि सेज या प्रकाशकांची जर्नल्सही होती, म्हणजे ज्यांची सबस्क्रिप्शन जर्नल्स तुम्हाला पवित्र वाटतात तीच मंडळी. मेसेजमध्ये हे दोन्ही गाळलंय. त्यानंतर ओपन ॲक्सेस जर्नल्सची यादी ठेवणाऱ्या डीओएजेने नियम कडक केले, सगळ्यांना परत अर्ज करायला लावले आणि २०१६ मध्ये सुमारे ३,३०० जर्नल्स यादीतून उडवली, तेही गाळलंय.

"खरी छाननी सबस्क्रिप्शन जर्नलमध्येच."

लस आणि ऑटिझमचा तो कुप्रसिद्ध पेपर १९९८ साली लॅन्सेट या सबस्क्रिप्शन जर्नलमध्ये आला, मागे घ्यायला २०१० उजाडलं. २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई या प्रकाशकांना मिळून १२० च्या वर पेपर काढून टाकावे लागले कारण ते सायजेन नावाच्या प्रोग्रॅमने शब्दांची भेळ करून बनवलेले होते, अर्थ शून्य, आणि ते विकत घेऊन वाचायच्या प्रोसीडिंग्जमध्ये, म्हणजे परिषदांच्या पेपरसंग्रहांत, पडून होते. त्याच वर्षी सेजच्या एका सबस्क्रिप्शन जर्नलमधून, जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल, ६० पेपर मागे घेतले गेले कारण खोटी ईमेल खाती काढून रिव्ह्यू लिहिले गेले होते.

ताजं हवंय? फेब्रुवारी २०२४ मधला तो उंदीर आठवा. फ्रंटियर्स या प्रकाशकाच्या ओपन ॲक्सेस जर्नलमध्ये एआयने काढलेलं उंदराचं चित्र, जननेंद्रिय उंदरापेक्षा मोठं, आणि लेबलं "टेस्टटॉमसेल्स" वगैरे. एका रिव्ह्यूअरने आकृत्यांवर आक्षेप घेतला होता, लेखकांनी उत्तर दिलं नाही, तरी पेपर पुढे गेला. सगळं जग हसलं, तीन दिवसांत मागे घेतला. पुढच्याच महिन्यात एल्सेव्हियरच्या सर्फेसेस अँड इंटरफेसेसमधला एक पेपर सापडला, हे काही पूर्ण ओपन ॲक्सेस जर्नल नाही, आणि त्याच्या प्रस्तावनेचं पहिलंच वाक्य काय तर "नक्कीच, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना", थेट चॅटबॉटचं. लेखक, एडिटर, रिव्ह्यूअर, प्रूफ बघणारा, कुणीच पहिली ओळ वाचली नाही. मग उंदीर तेवढा ओपन ॲक्सेसचा दोष आणि ही नुसती नजरचूक, असं कसं?

"लेखकाने पैसे भरले म्हणजे रिव्ह्यूअर विकला गेला."

अहो, रिव्ह्यूअरला मिळतं काय? मी दोन्हीकडे रिव्ह्यू केलेत, दोन्हीकडे मिळालं आभाराचं ईमेल. लेखकाकडून घ्यायची छपाईची फी, म्हणजे एपीसी, बरी जर्नल्स पेपर स्वीकारल्यावरच मागतात आणि ती कुणी भरली की माफ झाली हे मला रिव्ह्यू करताना कधी दिसलेलं नाही. आणि डीओएजेच्या यादीतली बहुसंख्य जर्नल्स फीच घेत नाहीत, लॅटिन अमेरिकेतलं सायेलो हे ओपन ॲक्सेस जर्नल्सचं जाळं तर १९९८ पासून चालू आहे. उलट नेचरने २०२० मध्ये ओपन ॲक्सेससाठी ९,५०० युरो जाहीर केले, मग नेचरही विकलं गेलं म्हणायचं का?

आता जे खरं आहे तेही सांगतो, नाहीतर मीही त्या मेसेजसारखाच. प्रत्येक स्वीकारलेल्या पेपरमागे पैसे मिळत असतील तर जास्त पेपर घ्यायचा मोह होणारच. हिंदावी या ओपन ॲक्सेस प्रकाशकाचं तेच झालं. वायली या मोठ्या प्रकाशकाने २०२१ मध्ये ती कंपनी विकत घेतली, एकेका विषयावरच्या स्पेशल इश्यूंचा सपाटा चालू होता, आणि २०२३ मध्ये ८,००० च्या वर पेपर मागे घ्यावे लागले. स्पेशल इश्यूत काय होतं, बाहेरचा गेस्ट एडिटर येतो, रिव्ह्यूअर तोच निवडतो, आणि पेपर मिलवाले, म्हणजे बनावट पेपर बनवून विकणारे, नेमके तिथूनच शिरतात. आपलीच माणसं एडिटर, आपलीच रिव्ह्यूअर. मी मातीवर काम करतो, मला एकदा दातांच्या इम्प्लांटवरच्या स्पेशल इश्यूचा गेस्ट एडिटर व्हा असं ईमेल आलं, "आपल्या या क्षेत्रातील भरीव योगदानाबद्दल". आठवड्याने रिमाइंडर! मी हो म्हटलं असतं तर दातांवरचे पेपर पास-नापास करत बसलो असतो. तर हा रोग खराच आहे, पण तो चावी कुणाच्या हातात दिली याचा आहे, पेपर वाचायला फुकट आहे याचा नाही. त्या व्हायब्रेशनवाल्या जर्नलमध्ये एपीसीचं आमिष नव्हतं, तरी चोर आतच होते ना.

"प्लॉस वन काहीही छापतं." नाही. त्यांचा निकष असा की काम पद्धतशीर आणि बरोबर आहे का, ते किती खळबळजनक आहे हे बघत नाहीत. पटत नसेल तर नका मानू, पण याला छाननी नाही म्हणत नाहीत.

"सीव्हीत दिसला की मोजू नका." मोजायचा की नाही हे पेपर वाचून ठरवा की! रिव्ह्यूच्या शिक्क्यावर तरी किती विसंबायचं, १९९८ मध्ये बीएमजे या वैद्यकीय जर्नलने एका पेपरमध्ये मुद्दाम ८ चुका घालून आपल्याच रिव्ह्यूअर्सना दिला, सरासरी २ सापडल्या. आणि छाननी कशी झाली हे बघायचंच असेल तर आज बघता येतं, ईलाइफ, नेचर कम्युनिकेशन्स अशा ओपन ॲक्सेस जर्नल्समध्ये रिव्ह्यू रिपोर्ट पेपरसोबतच टाकतात, रिव्ह्यूअरने काय विचारलं, लेखकाने काय उत्तर दिलं, सगळं.

मेसेज पाठवणाऱ्या त्या दोघांपैकी एकाला मी अशीच एक फाइल पाठवली, त्याच्याच विषयातली, चांगली बारा पानं, दुसऱ्या रिव्ह्यूअरने लेखकाला सॅम्पल साइझवरून अक्षरशः सोलून काढलेलं. तासाभराने त्याचं उत्तर आलं, "हे कुणालाही वाचता येतं?"

येतं रे. फुकट.