ट्रेलरवरून उतरवली, की टोमणा ठरलेला

ट्रेलरवर लादून आणलेल्या बाईकचे पट्टे सोडायला घेतले की कोणीतरी हटकून येतंच. "काय हो, उचलून आणली? चालवायची भीती वाटते का?" आणि वर स्वतःच हसायचं. दर वेळी!

अरे बाबा, 800 किलोमीटर सरळसोट हायवे तुडवायचा, मागच्या टायरचा मधला पट्टा घासून सपाट करायचा, आणि ज्या वळणांसाठी एवढं आलो तिथे पोचेपर्यंत कंबर, मनगटं आणि टायर तिन्ही कामातून गेलेली. यात कसला पराक्रम? रजा चार दिवसांची. त्यातले दोन जाण्यायेण्यात घालवू?

आणि ट्रेलर म्हणजे आराम हे कोणी सांगितलं? 200 किलोचं धूड अरुंद रॅम्पवरून एकट्यानं चढवून बघा एकदा. पाय टेकायला जागा नाही, गाडी कलली की कललीच. मग चार पट्टे. पुढचं सस्पेन्शन दाबायचं, पण पार तळाला नाही, नाहीतर सीलवर, म्हणजे आतलं तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांवर, भार. साइड स्टँड वर. थोडं अंतर गेलं की थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, कारण ते सैल होतातच (झाले नाहीत असं वाटलं, तरी उतरून बघावंच लागतं). आरशात बघून बघून मान अवघडते ती वेगळीच.

चालवत जाण्यात मजा आहे, मान्य. वेळ असला की मीही जातो.

गेल्या खेपेला टोमणा मारणारे साहेब स्वतः कशावर आले होते म्हणाल? कारने. बाईक घरी, कव्हराखाली.