फोटोतले हे कोण?

जुन्या फोटोंचा डबा सापडला की तो लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. पहिल्याने जे नाव सांगितलं त्याखाली बाकीचे नुसते अंगठे उठवतात. एकेकाला वेगवेगळं विचारावं, तर एकाच मिशीवाल्या गृहस्थाला तीन घरांतून तीन नावं मिळतात, तीही छातीठोकपणे. मागे वळणदार अक्षरात लिहिलेलं असतं, ‘आम्ही सगळे’. लिहिणाऱ्याचं काय चुकलं? त्याला सगळे ठाऊक होते!

म्हणून मी आधी कागदाची जबानी घेतो. साधारण ६ बाय १० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला पिवळट फोटो म्हणजे बहुधा कार्त-द-व्हिझित; त्याचं पेटंट पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकाराने १८५४ साली घेतलं. पुठ्ठा ११ बाय १६.५च्या आसपास असेल तर कॅबिनेट कार्ड, १८६६ नंतरचं. पत्र्यावरच्या फोटोला लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला तर टिनटाइप, म्हणजे लोखंडी पत्र्यावर घेतलेला फोटो. त्यात चित्र आरशासारखं उलटं उमटतं. कोटाची बटणं कुठल्या बाजूला लागलीत ते बघितलं, की ‘पणजोबा डावखुरे होते’ ही घराण्याची दंतकथा तिथेच निकालात निघते.

प्लॅस्टिकचा थर असलेला गुळगुळीत कागद मात्र १९७०च्या सुमारास रुळला. त्यावर पणजोबांचं लग्न दिसलं तर घाबरू नये, ती नक्कल असते. कागदावरून प्रिंटचं वय कळतं, लग्नाचं नाही. भिंगातून मूळ फोटोच्या कडेची सावली किंवा नक्कल काढताना तो टाचलेल्या टाचणीचं टोक दिसतं का, ते शोधावं.

सगळ्यात छळतो तो चिकट पानांचा अल्बम. तिथे नखं चालवली की कुणाचा तरी कान पानालाच राहतो. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवावा. अडला तर हट्ट सोडून पानासकट स्कॅन करावं. काचेला चिकटलेला फोटो तर ओढूच नये, चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. तो काचेतूनच स्कॅन करावा. ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) पुरे, पण मागची बाजूही घ्यावी, ‘आम्ही सगळे’सकट.

नावं मऊ पेन्सिलीने, मागच्या कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहावं, फोटो आत घालायच्या आधी. खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह. आणि नाव कुणी सांगितलं तेही लिहावं, म्हणजे पुढच्यांना निदान कुणाचं ऐकू नये ते कळेल.