वीस मिनिटं एकही बस नाही, मग दोन एकदम. आणि शिव्या ड्रायव्हरला!

आज सकाळी थांब्यावर एका बाईंनी बसच्या पत्र्यावर थाडथाड हात मारले. दर दहा मिनिटांनी येणारी बस वीस-बावीस मिनिटं आली नव्हती. आली ती दारात लोंबकळणारी माणसं घेऊन. तिच्या मागे अर्ध्या मिनिटाच्या आत त्याच नंबरची दुसरी, आत जेमतेम दहा-बारा जण. बाई पुढच्या ड्रायव्हरवर ओरडल्या, "कुठे झोपला होतास इतका वेळ?" थांबा सगळा त्यांच्या बाजूने. ड्रायव्हरने मान वळवली नाही. गळ्यातल्या टॉवेलने तोंड पुसलं, बस्स.

तो झोपला नव्हता. दोन बस एकत्र का येतात हे एकदा नीट समजून घ्या, मग कोणावर ओरडायचं ते ठरवा.

दर १० मिनिटांनी एक बस आहे आणि गर्दीच्या थांब्यावर मिनिटाला २ माणसं येतात असं धरा. बस आली की २० माणसं चढणार. एका दारातून, तिकिटासकट, माणशी ३ सेकंद धरले तरी एक मिनिट गेलं. आता ही बस कुठल्याशा सिग्नलला एक मिनिट जास्त अडकली. पुढच्या थांब्यावर २० च्या जागी २२ माणसं उभी, म्हणजे ६ सेकंद जादा. त्याच्या पुढच्या थांब्यावर ती ६६ सेकंद उशिरा पोहोचणार, तिथे आणखी माणसं. उशिरावर थांब्यागणिक दहा टक्के चक्रवाढ व्याज चढतं. सगळेच थांबे असे भरलेले असतील तर दहा थांब्यांनंतर एका मिनिटाची अडीच मिनिटं होतात, वीस थांब्यांनंतर साडेसहाच्या वर. हे झालं फक्त चढणाऱ्यांचं. बस खच्चून भरली की उतरणारे दारापर्यंत पोहोचत नाहीत, मग ३ सेकंदांचे ५ होतात.

मागच्या बसचं बरोबर उलटं. तिची माणसं पुढचीने उचललेली, म्हणून ती थांब्यावर कमी वेळ थांबते आणि पळते. पुढची रखडते, मागची जवळ येते आणि दोघी चिकटतात. एकदा चिकटल्या की आपोआप सुटत नाहीत. न्यूएल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी १९६४ सालीच हे गणित मांडलं. साठ वर्षं झाली! तरी आजही थांब्यावर आरोपी कोण, तर ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे तो.

आता प्रवाशाचा हिशोब. तासाला ६ बस समान अंतराने आल्या तर सरासरी ५ मिनिटं उभं राहावं लागतं. त्याच ६ बस जोडीने आल्या तर १० मिनिटं. बस तेवढ्याच, ड्रायव्हर तेवढेच, इंधनही तेवढंच, आणि थांबणं दुप्पट. वर कागदावर सहाच्या सहा फेऱ्या पूर्ण. त्या बाईंची बावीस मिनिटं त्या कागदावर कुठेच उमटत नाहीत, संताप येतो तो याचा.

ते पहिलं एक मिनिट जातं कुठे? बहुतेक वेळा सिग्नलला. समजा सिग्नलचं चक्र १२० सेकंदांचं आहे आणि बसच्या बाजूला हिरवा ३५ सेकंद. बस थांबा सिग्नलच्या अलीकडे असेल तर हिरवा लागतो तेव्हा बस दार उघडून उभी असते. माणसं चढेपर्यंत लाल, पुढे ८५ सेकंद बोंब. हाच थांबा सिग्नलच्या पलीकडे नेला तर खर्च एका शेडचा आणि थोड्या रंगाचा. कित्येक चौकांत एवढंही होत नाही, कारण सिग्नलचं खातं वेगळं, थांब्याचं वेगळं.

दुसरा उपाय म्हणजे बसला सिग्नलवर प्राधान्य. बस जवळ आली की हिरवा ८-१० सेकंद लांबवायचा, नाहीतर लाल थोडा आधी संपवायचा. एका लेनमधून साधारण दोन सेकंदाला एक गाडी सुटते, म्हणजे १० सेकंदांत पाच गाड्या. त्यातली माणसं मोजा आणि खच्चून भरलेल्या बसमधली मोजा. आडव्या रस्त्यावरच्यांना थोडं जास्त थांबावं लागेल, मान्य. पण हे करतानाही घोळ होतात. बस ओळखणारा सेन्सर आणि सिग्नल यांच्या मध्ये थांबा आला की बस तिथे किती वेळ उभी राहील याचा अंदाज येत नाही, वाढवलेला हिरवा रिकाम्या रस्त्यावर वाया जातो. सरसकट प्रत्येक बसला प्राधान्य दिलं तर मागून पळत येणारी आणखी पळते. ते मागे पडलेल्या बसलाच द्यायला हवं. आणि पादचाऱ्यांच्या वेळेला हात लावायचा नाही. म्हाताऱ्या माणसाचे सेकंद कापून बस वेळेवर आणण्यात काय अर्थ आहे?

बरं, बसमध्ये जीपीएस आहे. कंट्रोल रूममध्ये स्क्रीनवर दोन ठिपके चिकटलेले दिसतात. तरी पुढच्या ड्रायव्हरला निरोप काय, तर "बारा मिनिटं लेट आहेस, लवकर घे." कुठून घेणार तो लवकर? इतक्या वरचेवर येणाऱ्या बसचं वेळापत्रक प्रवासी बघतच नाही. त्याला दोन बसमधलं अंतर लागतं. ते सांभाळायचं तर मागचीला रोखायचं, तेही ती चिकटण्याआधी. जिथे बसमध्ये माणसं कमी आणि पुढच्या थांब्यांवर जास्त अशा ठिकाणी, मिनिट-दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. आत बसलेले चिडतील, चिडू देत. आणि चिकटल्याच तर पुढचीने फक्त उतरणाऱ्यांसाठी थांबायचं, चढणाऱ्यांना मागचीने घ्यायचं.

काही ड्रायव्हर मुद्दाम रेंगाळतात किंवा शर्यत लावतात, हेही खरं. पण पैसे कशाचे मिळतात ते आधी बघा. कोलंबियाच्या बोगोटा शहरात पूर्वी ड्रायव्हरची कमाई प्रवाशांच्या डोक्यांवर होती. एकेका प्रवाशासाठी बस एकमेकींना कापत धावायच्या, लोक त्याला पैशाची लढाईच म्हणायचे. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने जुलै २००४ मध्ये बस कंपन्यांना प्रवाशांच्या संख्येऐवजी धावलेल्या किलोमीटरवर पैसे द्यायला सुरुवात केली. लंडनमध्ये २००१ पासूनच्या करारांत, तासाला ५ किंवा जास्त बस असलेल्या मार्गांवर, प्रवाशाला ठरल्यापेक्षा किती जास्त थांबावं लागलं ते मोजतात आणि त्यावर कंपनीचा बोनस किंवा दंड ठरतो. नुसत्या किलोमीटरवर पैसे दिले तर चिकटून धावणाऱ्या दोन बसचेही पूर्ण पैसे निघतात, म्हणून हे थांबणं मोजणं महत्त्वाचं. त्या बाईंची बावीस मिनिटं तिथल्या हिशोबात धरली गेली असती.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला, पण ड्रायव्हरचं ते तोंड पुसणं डोळ्यांसमोरून जात नाही. एका फेरीला ६० मिनिटं लागत असतील तर शेवटच्या थांब्यावर ६ ते १० मिनिटं मोकळी ठेवावी लागतात. त्यातच उशीर भरून निघतो आणि पुढची फेरी वेळेवर सुटते. एक बस वाचवायची म्हणून हीच मिनिटं कागदावर कापली जातात. मग सकाळचा उशीर दुपारपर्यंत प्रत्येक फेरीत चालत राहतो. ती मिनिटं म्हणजे ड्रायव्हरचं पाणी पिणं, लघवीला जाणं, पाठ सरळ करणं. बारा मिनिटं उशिरा पोहोचलेला माणूस खाली उतरतच नाही, तसाच बस वळवतो.

कंडक्टर दारातून सांगत होता, "मागची रिकामी आहे, मागे जा." एकही माणूस हलला नाही. मागची बस पुष्कळदा थांब्यापर्यंत येतच नाही, बगल देऊन निघून जाते, हे प्रत्येकाने भोगलेलं. कोण विश्वास ठेवणार? पत्र्यावर हात मारणाऱ्या बाईही शेवटी पुढच्याच बसमध्ये चढल्या. पिशवी आधी आत गेली, एक पाय पायरीवर, दुसऱ्याला जागा मिळेना. त्या पूर्ण आत येईपर्यंत ड्रायव्हरने बस हलवली नाही. त्यात त्याचे आणखी आठ-दहा सेकंद गेले.