‘ब्लॅक नाइट’ आणि उशिरा येणारे रेडिओ प्रतिध्वनी

मुंबईतल्या खगोलप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर पुन्हा फिरतो आहे. ‘ब्लॅक नाइट’ नावाचा परग्रहवासीयांचा उपग्रह १३ हजार वर्षांपासून पृथ्वीभोवती फिरत असून १९२७ साली नॉर्वेत ऐकू आलेले रेडिओ प्रतिध्वनी त्यानेच परत पाठवले, असे त्यात म्हटले आहे. शाळकरी मुलेही हे खरे मानू लागल्याने उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

रेडिओलहरी थेट अवकाशात निघून जातात, म्हणून त्यांना परतवणारी वस्तू वर असलीच पाहिजे, हे मजकुराचे गृहीतकच चुकीचे आहे. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे विरळ हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होऊन वातावरणाच्या वरच्या भागात आयनांबर तयार होते. लघुलहरी त्यात वाकत जमिनीकडे परततात आणि तिथून पुन्हा वर जातात. दिवसा त्याचा खालचा थर मध्यमलहरी शोषतो आणि सूर्यास्तानंतर विरतो, म्हणूनच मुंबईत रात्री दूरची केंद्रे लागतात. आयनांबरातल्या विद्युत्प्रवाहांमुळे चुंबकसुई रोज किंचित हलते, आणि ही हालचाल आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून, रेडिओच्या कितीतरी आधी, नोंदली जात होती.

लघुलहरी पृथ्वीला पूर्ण वळसा घालून सुमारे ०.१४ सेकंदाने पुन्हा ऐकू येतात, यातही गूढ काही नाही: ४० हजार किलोमीटरांचा परीघ, सेकंदाला ३ लाख किलोमीटरांचा वेग.

खरा प्रश्न आहे तो नॉर्वेचे अभियंता यॉर्गन हाल्स, तिथलेच शास्त्रज्ञ कार्ल स्टॉर्मर आणि डच भौतिकशास्त्रज्ञ फान डेर पोल यांनी १९२७-२८ मध्ये ऐकलेल्या, ३ ते १५ सेकंद उशिरा आलेल्या प्रतिध्वनींचा. परतवणारी वस्तू मानली, तर ३ सेकंदांसाठीच ती साडेचार लाख किलोमीटरांवर, चंद्राच्याही पलीकडे हवी. २ हजार किलोमीटरांवरच्या उपग्रहाकडून प्रतिध्वनी ०.०१३ सेकंदात येईल. उपग्रह संदेश साठवून ठेवतो आणि उशिरा परत पाठवतो असे म्हटले, तर ते रेडिओ खगोलशास्त्रज्ञ ब्रेसवेल यांनी १९६० साली मांडलेल्या परग्रही यानाच्या कल्पनेचे रूप झाले. प्रतिध्वनींच्या त्या विलंबांतून स्कॉटिश लेखक डंकन लुनन यांनी १९७३ साली तारकानकाशा काढला खरा, पण पुढे तो अर्थ त्यांनीच मागे घेतला. आयनांबरात विशिष्ट कंप्रतेजवळ (फ्रिक्वेन्सी) संकेताचा वेग फार मंदावतो, चुंबकीय बलरेषांलगतच्या मार्गांत तो अडकूही शकतो; सगळ्या नोंदींना पुरेल असे एकच स्पष्टीकरण अजून मान्य झालेले नाही, आणि ते शोधायचे ते आयनांबराच्या मोजमापांतूनच.

त्या मजकुरासोबत उपग्रहाचे म्हणून फिरणारे छायाचित्र मात्र १९९८ सालचे, नासाच्या एंडेव्हर यानाच्या मोहिमेत अंतराळवीराच्या हातून निसटलेल्या उष्णतारोधक आच्छादनाचे आहे.