साखर मागायची नाही

व्हिएन्नात कॉफी प्यायला निघालात? मग तहान, भूक आणि घाई हॉटेलवर ठेवून या.

चुकूनही जुन्या कॉफीहाउसात शिरू नका. १६८५ साली डिओडाटो नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याला कॉफी विकायचा परवाना मिळाला, तेव्हापासून या शहरात तेच चाललंय. काळ्या कोटातला वेटर (त्याला ‘हेर ओबर’ म्हणायचं) तबकातून दूध घातलेली मेलांज आणतो, शेजारी पाण्याचा ग्लास, ग्लासावर चमचा. लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं. एका कपावर तीन तास बसा, कोणी उठवत नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रियानं ही संस्कृती आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. म्हणजे संग्रहालयच की. आपण पुढारलेली माणसं, आपण सातव्या जिल्ह्यात नॉयबाउला जायचं, नव्या ‘स्पेशालिटी’ कॉफीच्या दुकानात.

दुकानाची खूण अशी, की पाटी नसते आणि भिंतीचा गिलावा अर्धा खरवडलेला असतो. काम पैशांअभावी राहिलंय असं समजून हळहळू नका. बसायला तीन स्टुलं. त्यांवर बसलं की पाय जमिनीला टेकत नाहीत आणि आडव्या दांडीलाही.

मग कार्ड वाचा. देश, गाव, मळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाची जात, दाणे धुतले की सालासकट वाळवले. आमच्याकडे स्थळाची चौकशी याहून कमी होते. शिवाय शंभरपैकी गुण. आपल्याकडे पंच्याहत्तरला डिस्टिंक्शन मिळतं. इथे ८० च्या खाली पडलेल्या कॉफीला स्पेशालिटी म्हणत नाहीत.

ऑर्डर देताना ‘व्ही-सिक्स्टी’ एवढंच म्हणा. गाळणीच्या शंकूचा कोन ६० अंशांचा, म्हणून ते नाव. हे ठाऊक असल्याचं मात्र दाखवू नका, तिथे ते सगळ्यांना ठाऊक असतं. बरिस्ता १५ ग्रॅम कॉफी तोलेल. काट्याकडे इतकं डोळे लावून बघताना मी आजवर फक्त सराफाला पाहिलंय. मग तो ३० ग्रॅम पाणी ओतेल आणि थांबेल. ताज्या भाजलेल्या कॉफीतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पूड फुगून वर येते. याला ब्लूम म्हणतात. या अर्ध्या मिनिटात बोलायचं नाही. हात जोडले नाहीत तरी चालेल.

कप हातात आला की आवाज करून भुरका. भुरकल्यानं कॉफी हवेबरोबर सगळ्या जिभेवर पसरते, कॉफीचे परीक्षकही तसंच करतात. लहानपणी बशीतून चहा भुरकल्याबद्दल पाठीत धपाटा खाल्ला असेल, तर तो अन्याय होता.

साखर मी एकदा मागितली. बरिस्ता रागावला नाही. त्यानं इकडेतिकडे पाहून काउंटरखालून दोन पुड्या काढल्या आणि मुठीतून माझ्या मुठीत सरकवल्या. रांगेतला दाढीवाला एक पाऊल मागे सरला.

कार्डावर ‘मान्सून्ड मलबार’ दिसली तर देशाभिमान जागवा. मंगळुरूकडच्या गोदामांत हे दाणे मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर पसरतात. ते फुगतात, फिकट पडतात, आंबटपणा जातो. शिडाच्या जहाजांतून युरोपला पोचेपर्यंत ते आपसूकच तसे व्हायचे आणि इकडच्यांना तीच चव लागली. ‘सादळलेली’ या शब्दाचं जर्मन करायच्या फंदात पडू नका.

राहिली चव. कार्डावर मोगरा, जर्दाळू, संत्र्याची साल असं काहीबाही लिहिलेलं असतं. ते लागलंच पाहिजे. न लागल्यास डोळे मिटून ‘जर्दाळू’ म्हणा, मी कित्येकदा म्हटलंय. परवा मात्र कार्डावर जायफळ होतं, आणि साडेसहा युरोंच्या त्या कपात ते खरंच लागलं. मी हरखून आईला फोन केला. ती दुधाच्या कॉफीत सहाणेवर उगाळून जायफळ घालते, तिला कौतुक वाटेल म्हणून. म्हटलं, ‘‘आई, घातलेलं नसताना जायफळ लागतंय!’’

‘‘आधीचं भांडं विसळलं नसेल नीट,’’ आई म्हणाली.